तीन हत्यारं, पावडरचा डबा एक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडे ९ मिमी आणि .४५ एसीपी अशी दोन पिस्तुलं आणि एक .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर आहे. तिकडे स्वतःच्या वापराची काडतुसं घरी भरता येतात, म्हणून त्याने प्रेस घेतलाय. पण दुकानातल्या पावडरींचे (काडतुसात भरायच्या दारूचे) प्रकार बघून तो गांगरलाय. मी केमिकल इंजिनिअर, म्हणून मलाच विचारतो, ‘दादा, तिन्हींना चालेल अशी एकच कुठली घेऊ?’ त्याला काय सांगू? (कोथरूड)

उत्तर : एचपी-३८ घ्यायला सांगा. दुकानात ती नसेल आणि विंचेस्टर २३१ असेल, तर ती घ्यावी. दोन्ही एकच पावडर, फक्त लेबलं वेगळी. ज्या डब्याची किंमत त्या दिवशी कमी, तो उचलावा.

आता कारण. तिन्ही काडतुसांची कमाल दाबमर्यादा बघा. ९ मिमीची ३५,००० पाउंड प्रति चौरस इंच, .४५ एसीपीची २१,००० आणि .३८ स्पेशलची १७,०००. (आपल्या गाडीच्या चाकात आपण तीस-बत्तीस भरतो.) पुंगळ्यांची, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचांची, लांबी उलट क्रमाने जाते. ९ मिमीची पुंगळी सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आतली, .४५ची २२.८ आणि .३८ची २९.३. म्हणजे सर्वांत मोठी खोली सर्वांत कमी दाबाच्या काडतुसाला आणि सर्वांत छोटी खोली सर्वांत जास्त दाबाच्या. फार सावकाश जळणारी पावडर .३८मध्ये घातली तर दाब पुरेसा चढत नाही, अर्धवट जळालेले कण नळीत आणि सिलिंडरखाली अडकतात. फार झटकन जळणारी ९ मिमीत घातली तर मर्यादा लवकर गाठली जाते आणि वेग मात्र कमीच राहतो. एचपी-३८ वेगवान पावडरींत मोडते, पण त्यांतल्या अगदी टोकाची नाही. म्हणून ती तिन्हीकडे निभावते. ९ मिमीत तिच्यातून सर्वोच्च वेग निघणार नाही. कागदावर भोकं पाडायला तो लागतही नाही.

दुसरं कारण मोजणीचं. प्रेसवरचं पावडर मेजर वजन करत नाही, पोकळी भरून तेवढं आकारमान खाली सोडतं. एचपी-३८चे दाणे बारीक, चपटलेल्या गोळ्यांसारखे, त्यामुळे ती रव्यासारखी वाहते आणि दर खेपेला जवळपास तेवढीच पडते. युनिक ही शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली पावडर तिन्ही काडतुसांना उत्तम, पण तिच्या मोठ्या चकत्या पोह्यांसारख्या एकमेकांवर अडकतात. मेजरच्या कडेला चकती कापली जाताना हाताला करकर जाणवते आणि भार, म्हणजे एका काडतुसात पडणारी पावडर, दोन-तीन दशांश ग्रेनने मागेपुढे होतो. चार-पाच ग्रेनच्या भारात दोन-तीन दशांश म्हणजे पाच टक्के.

टाइटग्रुपचं नाव त्याला दुकानदार हमखास सुचवेल. पावडर चांगली आहे. मोठ्या पुंगळीत ती पुढे सरकलेली असो की मागे, वेगात फारसा फरक पडत नाही, आणि डबा जास्त दिवस पुरतो. पण ती गरम जळते, शिशाच्या आणि रंगाचा थर दिलेल्या गोळ्यांबरोबर धूर करते, आणि जागा इतकी कमी घेते की .३८च्या पुंगळीत तळाशी चिमूटभर पडल्यासारखी दिसते. नवशिक्याच्या हाती ही शेवटची गोष्ट धोक्याची.

कारण या छंदातला सर्वांत वाईट अपघात चुकीची पावडर निवडल्यामुळे क्वचितच होतो. तो दुहेरी भारामुळे होतो. फोन वाजला, हँडल अर्धवट राहिलं, परत येऊन तीच पुंगळी पुन्हा मेजरखाली गेली, संपलं. ९ मिमीत एचपी-३८चा नेहमीचा भार पुंगळी साधारण अर्धी भरतो. दुसऱ्यांदा पडला तर पावडर बहुधा तोंडापर्यंत येते किंवा सांडते आणि चूक नजरेत भरते, पण भार हलका असेल तर त्यावरही विसंबू नये. .३८ आणि .४५मध्ये मात्र दोन भार आरामात मावतात आणि वर गोळीही नीट बसते. टाइटग्रुप असो, एचपी-३८ असो, या दोन पुंगळ्यांत डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

ते पाहायचं असं. पन्नास भोकांचा लोडिंग ब्लॉक घ्यायचा. रिकाम्या पुंगळ्या त्यात उलट्या, तोंड खाली करून ठेवायच्या. भार पडला की तीच पुंगळी सुलट ठेवायची. उलटी दिसली तर रिकामी, सुलटी तर भरलेली, यात मधलं काही नाही. पन्नास झाल्या की टॉर्च तिरका धरून ओळीने बघायचं. पावडरची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एक उंच दिसली तर दुहेरी, एक खोल दिसली तर रिकामी. शंका आली ती पुंगळी ओतून पुन्हा भरायची. गोळी बसवायला हात लावायचा तो यानंतरच.

रिकामी पुंगळीही निरुपद्रवी नसते. नुसता प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) फुटला तरी गोळी पुंगळीतून निघून नळीत अडकते. आवाज ‘फट्’ असा बारीक येतो, धक्का बसत नाही. अशा वेळी पुढचा चाप ओढला तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा वाटला की थांबायचं, हत्यार रिकामं करायचं, नळीतून पितळी सळई घालून बघायचं.

भार किती, हे आम्ही मुद्दाम छापत नाही. गोळीचं वजन, तिचा आकार आणि ती किती खोल बसली यावर तो बदलतो, आणि एका आकड्यातली छपाईची चूक बोटांवर बेतते. पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक गोळीसाठी सुरुवातीचा आणि कमाल भार दिलेला असतो. सुरुवातीच्या भाराची दहा काडतुसं भरावीत, झाडून पाहावीत, मग एक-दोन दशांश ग्रेनने वर जावं. ९ मिमीत रिकामी पुंगळी बाहेर पडताना सरकत्या भागात उभी अडकत असेल तर भार बहुधा कमी पडतोय. पिस्तुलाने सगळ्या पुंगळ्या नीट फेकल्या आणि नेम जमला की तिथेच थांबावं, कमाल आकडा गाठायचा हट्ट नको. ९ मिमीत गोळी तक्त्यापेक्षा जेमतेम मिलिमीटरभर खोल बसली तरी दाब झपाट्याने चढतो. म्हणून काडतुसाची एकूण लांबी कॅलिपरने दर दहा-पंधरा नगांमागे मोजावी, आणि भरलेलं काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून गोळी आत सरकते का ते पाहावं.

आणि पावडर एक झाली म्हणून बाकी सगळं एक होत नाही. ९ मिमी आणि .३८ला लहान पिस्तूल प्रायमर, .४५ला मोठा. त्यातही मेख अशी की .४५च्या काही पुंगळ्या लहान प्रायमरच्या निघतात. रेंजवरून उचललेल्या ढिगात अशी एक मिसळली की प्रेस अडतो आणि जोर लावला तर प्रायमर फुटू शकतो. पुंगळ्या आधीच बुडाकडून निवडून वेगळ्या कराव्यात. गोळ्यांचे व्यासही वेगळे : ९ मिमीला .३५५ इंच, .३८ला .३५७ ते .३५८, .४५ला .४५१ ते .४५२.

प्रश्न : वरच्यासारख्या चर्चांत ‘साडेचार ग्रेन’ असं वाचतो. ग्रेन म्हणजे पावडरचे दाणे मोजायचे का? आणि मेजरचा एक आकडा सगळ्या पावडरींना चालतो का? (चिंचवड)

उत्तर : दाणे नव्हेत, ग्रेन हे वजन आहे. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन, एका पाउंडात ७,००० ग्रेन. सराफाच्या भाषेत सांगायचं तर एक गुंज म्हणजे दोन ग्रेनला किंचित कमी, म्हणजे साडेचार ग्रेन ही जेमतेम अडीच गुंजा पावडर झाली. पाउंडाच्या डब्यात अशी दीड हजारांवर काडतुसं होतात. पाउंडाला ४० डॉलर धरले तरी एका काडतुसामागे पावडर तीन सेंटच्या आत पडते, त्यामुळे पावडर स्वस्त-महाग बघून निवडण्यात अर्थ नाही. पैसे गोळीत आणि प्रायमरमध्ये जातात.

मेजरचा आकडा आकारमानाचा असल्याने पावडर बदलली की तो निरुपयोगी. त्याच पावडरचा नवा डबा उघडला तरी दहा भार एकत्र तोलून दहाने भागावं. काटा एक दशांश ग्रेनपर्यंतचा हवा आणि वजनाचा ठोकळा ठेवून दर बैठकीला तपासलेला हवा. पंखा चालू असेल तर आकडा नाचतो, हे मात्र पुण्यात आणि टेक्सासात सारखंच.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. काडतुसं महाग पडतात. मी इथे रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरू शकतो का? (सदाशिव पेठ)

उत्तर : नाही. तुमचा परवाना हत्यार आणि ठरावीक काडतुसं बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ती बनवायची यंत्रसामग्रीही ‘दारूगोळा’ या शब्दात येते. तेव्हा ‘नुसता प्रेस मागवतो, भरणार नाही’ ही पळवाटही नाही.

परदेशातून कोणी आठवण म्हणून रिकाम्या पुंगळ्या आणत असेल तर त्यालाही नको म्हणा. लोहगाव विमानतळावर बॅग तपासताना पडद्यावर ते काडतूसच दिसतं, आणि पुढचा दिवस खुलासे देण्यात जातो. परवानाधारकांनी प्रवासाआधी बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा. जुन्या बॅगेच्या अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस पुरे होतं.

प्रश्न : कारखान्यात काडतुसं भरताना कुठली पावडर वापरतात? तीच घरी वापरता येणार नाही का? (खडकी)

उत्तर : दारूगोळ्याचा कारखाना १८६९पासून शेजारी असलेल्या गावातून हा प्रश्न यावा, हे रास्तच. कारखाने ठोक पावडर घेतात. तिचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा जळतो, म्हणून दाब मोजणाऱ्या नळीत चाचणी घेऊन त्या लॉटपुरता भार ठरवतात. घरी दाब मोजायची सोय नसते. किरकोळ डब्यातली पावडर मिश्रण करून ठरावीक मर्यादेत आणलेली असते, तेव्हाच छापील तक्ता तिला लागू पडतो. तयार काडतूस फोडून काढलेली पावडर ‘दिसायला तशीच’ म्हणून वापरणं म्हणजे लेबल नसलेल्या बाटलीतलं औषध घेणं. रंग आणि आकार यांवरून पावडर ओळखता येत नाही.

प्रश्न : भाऊ आता .३५७ मॅग्नमही घेणार म्हणतो. एचपी-३८ त्यालाही चालेल? (पहिल्याच वाचकाकडून)

उत्तर : हलक्या सरावापुरती चालेल, तक्त्यात असेल तेवढीच. मॅग्नमचा खरा वेग हवा असेल तर सावकाश जळणारी पावडर लागते. एच११० घ्यावी, किंवा विंचेस्टर २९६. ही जोडीही एकाच पावडरची दोन नावं. पण तिचा नियम उलटा आहे. इथे भार मनाने कमी करायचा नाही. तक्त्यापेक्षा बराच कमी घातला तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. प्रायमरही मॅग्नमचा. म्हणजे चौथ्या हत्याराबरोबर दुसरा डबा आलाच. टेबलावर मात्र एका वेळी एकच डबा असू दे. मेजरमध्ये उरलेली पावडर कुठल्या डब्यात ओतायची, हा घोळ दोन डबे समोर असले की होतो, आणि मिसळ झालेली पावडर फेकून देण्याच्या लायकीची उरते.

मॅग्नमची पुंगळी .३८पेक्षा जवळपास साडेतीन मिलिमीटर लांब असते. .३५७मध्ये .३८ची काडतुसं भरपूर झाडली की चेंबरमध्ये तेवढ्याच अंतरावर काजळीचं कडं साचतं, मग मॅग्नम काडतूस आत जाताना अडतं. ब्रश फिरवला की सुटतं.

प्रश्न : मुलगी बालेवाडीला दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव करते. सरावाला स्वस्त आणि स्पर्धेला महाग छर्रे घ्यावेत, की एकच प्रकार? (बाणेर)

उत्तर : सुरुवातीची दोनेक वर्षं एकच प्रकार, सपाट तोंडाचा. छर्रा म्हणायला ४.५ मिमीचा, पण डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा डब्यावर लिहिलेला असतो आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादाच मानवतो. पिस्तूल व्हाइसमध्ये, जबड्यांना रबर लावून पकडा आणि प्रत्येक व्यासाचे दहा-दहा झाडा. दहाही एकाच भोकात, छर्‍यापेक्षा फार मोठं न होता, गेले तर तोच व्यास. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं, त्यामुळे यापलीकडे छर्‍यांवर पैसे घालण्यापेक्षा ते सरावाच्या तासांवर घालावेत. मानवलेल्या लॉटचे चार-पाच डबे एकदम घ्या, स्कर्ट (मागची पोकळ कड) चेपलेले छर्रे बाजूला काढा, आणि शिसं हाताळल्यावर डबा खायच्या आधी तिला साबणाने हात धुवायला लावा. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीखही बघा. दहा वर्षं झालेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

प्रश्न : उघडलेली पावडर किती दिवस टिकते? (टेक्सासहून, मराठीत)

उत्तर : झाकण घट्ट, जागा कोरडी आणि थंड असेल तर कित्येक वर्षं. मूळ डब्यातच ठेवावी, जाड लोखंडी पेटीत कोंडू नये. आग लागली तर कोंडलेली पावडर स्फोट करते, मोकळी नुसती भडकते. मधूनमधून झाकण उघडून वास घ्यावा. ताज्या पावडरला ईथरसारखा गोडसर वास असतो. नाकाला झोंबणारा आंबट वास आला, गंजासारखी तांबूस भुकटी दिसली किंवा तपकिरी वाफ आली, तर ती खराब झाली. तेव्हा ती वापरू नये आणि नाल्यातही ओतू नये. उघड्या जमिनीवर, गवतापासून दूर, लांब पातळ रेघ पसरून थोडी थोडी जाळावी, वारा पाठीवर घेऊन उभं राहून. गॅरेजमध्ये ठेवली असेल तर टेक्सासच्या उन्हाळ्यात आधी ती घरात आणा.