घरी फोटो एडिटिंगसाठी कसा कॉम्प्युटर घ्यावा?

जळगावात घरी बसून लग्नाचे फोटो एडिट करायचेत, कॉम्प्युटर कोणता घेऊ, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, आधी मॉनिटरचे पैसे बाजूला काढा. मी सगळं बजेट प्रोसेसरवर घालवून स्वस्तातला टीएन पॅनलचा मॉनिटर घेतला होता. मान जरा हलली की रंग बदलायचे. हळदीच्या फोटोत नवरी स्क्रीनवर छान दिसत होती, अल्बम छापून आला तर चेहरा हिरवट! म्हणून 24 इंची आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत) आणि एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेली प्रमाण रंगश्रेणी, 100 टक्क्यांच्या जवळपास, हे बघूनच घ्या.

बाकी सहा कोअरचा प्रोसेसर, 16 जीबी रॅम आणि 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज) पुरते. रॉ फाइल्ससाठी (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल्स) वेगळी हार्डडिस्क, बॅकअपला आणखी एक. ग्राफिक्स कार्ड नंतर बघू, एआयने नॉइज (फोटोतले दाणे) काढायचं काम भरपूर असेल तरच आधी.

आणि आपल्याकडचा मे महिना विसरू नका. पारा 45 ला टेकतो, तेव्हा लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉपच बरा. कॅबिनेट हवा खेळती राहील असं घ्या, पण कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नका. यूपीएस मात्र पहिल्याच दिवशी आणा.