‘पोचलास का?’

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आईच्या पन्नाशीला हॉलमध्ये वाचायला तू जे लिहिलं आहेस, ते काल रात्री दोनदा वाचलं. भाषा छान झाली आहे तुझी. लोक हसतील, टाळ्याही पडतील. पण एका जागी मी अडकलो. ‘आमच्या मातोश्रींनी घरात सीबीआयची शाखा उघडली आहे. मुलगा पोचला का, याची रोज दहादा चौकशी! बाबांना तर शौर्यपदकच द्यायला हवं.’

एरवी तू तिला कधी मातोश्री म्हणतोस? टोमणा मारायचा असला की आपण माणसाला आधी असा खोटा मान देतो. वहिनींना ते पहिल्याच शब्दाला कळेल. त्या हसतीलही, कारण आजूबाजूला पाहुणे बसलेले असतील.

11 जुलै 2006 ला तू तीन वर्षांचा होतास. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये अकरा मिनिटांत स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. तुझ्या बाबांकडे पहिल्या वर्गाचा पास होता आणि चर्चगेटहून निघायची त्यांची वेळही साधारण तीच. तुला कडेवर घेऊन वहिनी पॅसेजच्या कठड्याशी उभ्या होत्या, एका हातानं तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत. नेटवर्क कोलमडलं होतं, लाइन लागतच नव्हती. मी शेजारी उभा होतो आणि काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. रात्री सव्वाला तुझे बाबा जिना चढून आले. बरंच अंतर चालत, मग कुणाच्या तरी टेम्पोतून. बूट हातात होते. वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. समोर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, “पोचलात ना?”

तो प्रश्न तेव्हापासून तुमच्या घरात आहे. तू लोकलनं जायला लागलास तेव्हा तो तुझ्याकडे आला.

हे मी तुला हक्कानं सांगतो, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. 1995 साली लालबागला आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत मी माझ्या आईवर एक विनोदी लेख लिहिला होता. ती दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन खिडकीच्या जाळीला वाळत घालायची, मग शंभर-शंभराचे गठ्ठे बांधून भंगारवाल्याला विकायची. मी तिला ‘प्लास्टिक सम्राज्ञी’ म्हटलं. अख्खी चाळ हसली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात माझे वडीलही होते, आणि ते परत आत गेलेच नाहीत. आमचं घर ज्या काटकसरीवर चाललं, तीत त्या पिशव्याही होत्या. लिहिताना मला हे माहीत होतं, तरी लिहिलं. आई मला एक शब्द बोलली नाही. गणपतीनंतर जाळीवर पिशव्या दिसेनाशा झाल्या. ती त्या मोरीत, नळामागे वाळवायला लागली होती. मोरीतला तो ओला प्लास्टिकचा वास मला अजून आठवतो.

घरात चिडवणं बंद कर, असं माझं म्हणणं नाही. ओट्याशी उभं राहून तू आईला ‘सीबीआय’ म्हणालास, तर ती लाटणं दाखवेल, चार शब्द सुनावेल आणि दोघं हसाल. तिथं तिला उलट बोलता येतं. रविवारी ती औक्षण करून घेऊन, साडी सावरत खुर्चीत बसलेली असेल आणि माइक तुझ्या हातात असेल.

शिवाय तू हे नंतर कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणार. तिथं तुझा आवाज नसेल, चेहरा नसेल. 2005 साली मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमेलवरच्या संवादाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपला उपरोध वाचणाऱ्याला बरोबर कळेल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात तो ओळखण्यात वाचणारे, तेच आवाजात ऐकणाऱ्यांपेक्षा खूपच जास्त चुकले. तुझी मामी ते वाचून आईला फोन करेल आणि विचारेल, “मुलगा एवढा वैतागलाय का गं?” त्यावर आईनं काय सांगायचं?

बाकीचा मजकूर ठेव. भाजीवाल्याशी तिची घासाघीस, शेवटच्या क्षणी पकडलेली लेडीज स्पेशल, हे सगळं सुंदर उतरलं आहे. तिथं तू तिच्या बाजूला उभा राहून हसतो आहेस. ती तीन वाक्यं मात्र पुन्हा लिही. त्याआधी शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर तिच्याजवळ बस आणि त्या संध्याकाळचं विचार. ती सांगायला लागली की मध्ये बोलू नकोस. फोन आत ठेवून ये.

तुझा,
काका