वेगवेगळ्या राजकीय मतांच्या मित्रांनी मिळून देणगी द्यायची तर नियम काय असावेत?

तुमचा प्रश्न असा : कॉलेजच्या बॅचमधले १४ जण दरमहा प्रत्येकी हजार रुपये काढता. कुणी शाखेत वाढलेलं, कुणी राष्ट्र सेवा दलातलं, कुणी आंबेडकरी, कुणाला राजकारणाचाच कंटाळा. संस्था निवडण्यावरून वाद होऊन दोघं बाहेर पडायच्या बेतात आहेत. ‘इथे राजकारण नको’ असा नियम करावा का?

करू नका. त्या नियमाने राजकारण जात नाही, बहुसंख्यांचं राजकारण तेवढं ‘निव्वळ समाजकार्य’ म्हणून उरतं. आठ जणांना निर्विवाद वाटणारी संस्था बाकीच्या सहांना तशी वाटेलच असं नाही, आणि आता त्यांना ते बोलायचीही सोय नसते. ते भांडत नाहीत, एक दिवस पैसे पाठवणं थांबवतात.

आधी पैसे दोन भागांत तोडा. वर्षाचे १,६८,००० होतात. त्यातले ६० टक्के, म्हणजे १,००,८००, सामाईक. उरलेल्यातून प्रत्येकाच्या वाट्याला ४,८०० येतात. ते ज्याने त्याने आपल्या मनाने द्यावेत, कुणी कारण विचारू नये. सामाईक रकमेसाठी साधं बहुमत ठेवू नका, १४ पैकी १० मतं लागू द्या. साध्या बहुमतात तेच आठ दरवर्षी जिंकतात. दहाच्या अटीचा तोटाही आहे : वह्यावाटप, छत्र्या असलीच बिनधोक कामं पुढे सरकतात आणि जमिनीच्या हक्कांसारखं काम मागे पडतं. तो वैयक्तिक वाटा त्यासाठीच आहे, म्हणून तो कमी करू नका.

पहिलं मत नाव झाकून घ्या. एकाने प्रत्येक संस्थेचं एक पान तयार करावं : काम काय, कुठे, किती माणसांसाठी, माणशी खर्च किती, परिणाम कसा मोजला. संस्थापक, फोटो, घोषणा गाळा. मग नाव उघडून दुसरं मत घ्या. दोन्हींत मोठा फरक पडला तर तिथेच थांबून बोला. नावामुळे विरोध करणं गैर नाही, पण विरोध तपासता येईल अशा प्रश्नात मांडायला हवा. ‘ते त्यांचे लोक आहेत’ यावर कुणी काय करणार? ‘मुलं निवडताना जात-धर्म पाहतात का?’ याचं उत्तर प्रत्यक्ष जाऊन मिळवता येतं.

का द्यायचं यावर एकमत लागत नाही. काम झालं हे कशावरून ठरवायचं, यावर मात्र पैसे देण्याआधी हवं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरलं. गावाने स्वतःचं स्वतः पाहावं म्हणणाऱ्यालाही हा आकडा पटतो आणि हे सरकारनेच करायला हवं म्हणणाऱ्यालाही. पुढे आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही घरभेटींची पद्धत आलीही.

सगळं असं सुटत नाही. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ साली आली, २०२१ साली उठली. त्या प्रश्नावर गांधीवादी आणि स्त्री-संघटना एका बाजूला सापडतात, तर एकाच पक्षातले दोघं समोरासमोर उभे राहतात. अशा विषयाला सामाईक पैसा घालू नका, पण चर्चा जरूर करा. आपला मित्र कुठल्या खान्यातला आहे हा अंदाज तिथेच चुकतो, आणि तो चुकणं गटासाठी चांगलं असतं.

हिशेबाचं थोडक्यात. एकाच्या खात्यात पैसे गोळा करू नका. प्रत्येकाने संस्थेला थेट ऑनलाइन द्यावेत, म्हणजे पावती त्याच्याच नावाची होते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्याला देणगीवरची (८०जी) वजावटच मिळत नाही. कुणी परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचे पैसे विदेशी देणगी ठरतात. ते फक्त एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेच्या ठरलेल्या खात्यातच जावेत, तुमच्यापैकी कुणामार्फत नकोत.

आणि निघालेल्या त्या दोघांना थांबवायचं असेल तर संस्थांना विचारायच्या प्रश्नांचा पहिला मसुदा त्यांनाच लिहायला सांगा. इतरांना न सुचलेले प्रश्न त्यांच्याकडेच असतील.