पल्सर १५० वर व्हीली शिकायचीय? मग आधी उजवा पाय तयार कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय १९, गाडी पल्सर १५०, आणि व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणं, शिकायचंय. ग्रुपवरचे अर्धे म्हणतात, "या गाडीत दम नाही, ड्यूक (केटीएमची जास्त ताकदीची गाडी) घे." उरलेले म्हणतात, "फर्स्टला रेस दे आणि क्लच सोड, आपोआप उचलते." यातलं खरं काय, आणि सुरुवात कुठून करायची?

वयाने तू माझ्या धाकट्या भावाएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. मी साताऱ्याचा. वयाच्या २२ ते २७ या पाच वर्षांत जवळजवळ प्रत्येक रविवारची सकाळ मी यातच घालवली. त्यामुळे शिकूच नकोस असं मी तुला सांगणार नाही. पण तुझ्या ग्रुपवरचे दोन्हीकडचे लोक चाक वर कसं न्यायचं यावरच भांडतायत. चाक वर नेणं चार दिवसांत जमतं. माणूस पडतो तो खाली आणता येत नाही म्हणून. खाली आणायचं काम उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक करतो, आणि त्याबद्दल तुझ्या प्रश्नात एक शब्दही नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी 'दम नाही'चं बघू. गाडी आणि तू मिळून जे वजन होतं त्याचा मध्य जमिनीपासून साधारण सव्वादोन फुटांवर असतो आणि मागच्या एक्सलच्या जवळजवळ तेवढाच पुढे. नुसत्या ताकदीवर पुढचं चाक सुटायचं तर वेग दर सेकंदाला ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास वाढावा लागतो, म्हणजे तीन सेकंदांत शंभरी. चौदा हॉर्सपॉवरच्या गाडीला ते जमत नाही. म्हणून क्लच. क्लच दाबून रेस दिलीस की क्रँक आणि मॅग्नेट जोरात फिरतात, आणि क्लच सोडताच ती साठलेली ताकद एका झटक्यात मागच्या चाकाला मिळते. पल्सर उचलते ती अशी. ड्यूक लागत नाही. १९९१ साली जपानमध्ये यासुयुकी कुदो नावाच्या रायडरने न थांबता ३३१ किलोमीटर व्हीली मारली, तीही होंडाच्या टीएलएम २२० या छोट्या, हलक्या ट्रायल्स (दगड-ओंडक्यांवरून तोल सांभाळत जायच्या) गाडीवर. आणि ती बंद टेस्ट ट्रॅकवर, हेही लक्षात ठेव.

आता जिथे सगळे फसतात ते सांगतो. चाक जसजसं वर जातं तसतसा वजनाचा मध्य मागे मागे सरकतो, आणि चाक वर ठेवायला ताकद कमी कमी लागते. ज्या रेसने चाक जमिनीवरून सुटलं, तीच रेस कमरेच्या उंचीवर जास्त होते. म्हणून व्हीलीचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा भराभर येतो. त्याच क्षणी तुझं अंग मागे जातं, तू हँडलला लोंबकळतोस आणि उजवं मनगट आपोआप पिळलं जातं. मनात 'सोड' असतं आणि हात आणखी रेस देतो. एकदा बॅलन्स पॉइंट ओलांडला, म्हणजे वजनाचा मध्य मागच्या चाकाच्या बरोबर वर येऊन मागे कलला, की रेस सोडूनही पुरत नाही. तिथे फक्त मागचा ब्रेक. तो दाबला की चाकाला अडवलं जातं, वजन पुढे झुकतं आणि नाक खाली येतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामाच्या बंद पडलेल्या वीटभट्टीचं आवार होतं, जमीन भाजून कडक झालेली, वर विटेचा लाल भुगा. आठवड्याभरात चाक गुडघ्यापर्यंत यायला लागलं होतं. त्या दिवशी ते छातीपर्यंत आलं. मला टाकी दिसली, मग मीटर, मग आभाळ. माझा उजवा पाय फूटरेस्टवर टाच टेकवून बसला होता, पंजा पेडलच्या बाहेर. नंबर प्लेट आणि टेललाइट जमिनीला घासल्याचा आवाज आधी आला, मग मी माकडहाडावर आपटलो. गाडी पुढे जाऊन विटांच्या ढिगात शिरली. दीड महिना मला सरळ बसता येत नव्हतं. पेडलवर पंजा असता तर एवढ्याशा दाबाने ती व्हीली खाली आली असती.

म्हणून माझं म्हणणं, पहिले दोन रविवार चाक उचलूच नकोस. फर्स्टमध्ये चालण्याच्या वेगाने गाडी चालव, रेस थोडी चालू ठेव आणि मागच्या ब्रेकने वेग धर. पंजाला पेडलचा पहिला दाब कुठे लागतो ते बूट घालून समजलं पाहिजे. मग १०-१५ च्या वेगाने दोन बोटांनी क्लच थोडा दाब, रेस दे, सोड. चाक वीतभर उचललं की लगेच ब्रेक. उंची वाढवायची नाही. वीतभर आणि ब्रेक, वीतभर आणि ब्रेक, असं दोनशे वेळा. कंटाळा येतो, मलाही यायचा, पण पायाला ही सवय विचार न करता लागली पाहिजे, कारण खऱ्या वेळी विचाराला वेळ मिळत नाही. चाक खाली टेकताना हँडल सरळ असू दे आणि थोडी रेस चालू असू दे, नाहीतर गाडी आपटते. फर्स्ट की सेकंड, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. १५० वर सुरुवातीला फर्स्टच, कारण वेग कमी राहतो. सेकंडमध्ये झटका कमी बसतो हे खरं, पण पडशील तेव्हा बऱ्याच जास्त वेगाने पडशील.

मनगटाला बांधायची किल कॉर्ड लाव, म्हणजे गाडी हातातून सुटली की इंजिन बंद. फुल फेस हेल्मेट, पाठीचं आणि कमरेखालचं संरक्षण, घोट्याच्या वर येणारे बूट. आणि सोबत एक माणूस हवाच, जो नुसता व्हिडिओ काढत बसणार नाही.

गाडीचं म्हणशील तर खर्च धर. क्लच प्लेटा लवकर जातात, चेन ताणते, कोनसेट (हँडलचं बेअरिंग) बसतो, फोर्कची ऑइल सील फुटतात. लांब व्हीलीत इंजिनमधलं ऑइल मागे जमा होतं आणि पंपाला पुरत नाही, तेव्हा ऑइलची पातळी दर वेळी बघ. दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीवर मीटरचा एबीएस दिवा लागून राहतो, कारण पुढचं चाक हवेत मंदावलेलं असतं. तसा दिवा लागलेला असताना घरी जाताना एबीएस काम करेलच असं समजू नकोस.

रस्त्याबद्दल मला तुझ्याकडून शब्दच हवाय. मीसुद्धा सुरुवातीला सकाळी साडेसहाला रिकाम्या सर्व्हिस रोडवर चाक उचलायचो. एकदा चाक वर असताना डावीकडच्या बोळातून किटल्या लावलेली दुधाची सायकल बाहेर आली. मला ती दिसली नाही, कारण चाक वर असलं की समोरचा रस्ताच दिसत नाही. दिसली असती तरी वळता आलं नसतं, पुढचं चाक जमिनीवरच नव्हतं. पुढचा ब्रेक, जो गाडी थांबवण्याचं बहुतेक काम करतो, तोही कामाचा नव्हता. सायकल आणि मी यांच्यात हातभर अंतर राहिलं. तो माणूस काही बोलला नाही, नुसता पाय टेकून उभा राहिला. त्याची एक किटली हलून थोडं दूध रस्त्यावर सांडलं होतं. त्यानंतर मी रस्त्यावर कधीच चाक उचललं नाही.

कायदाही माहीत असू दे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, धोकादायक चालवण्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुझ्या ग्रुपमधली १८ च्या आतली पोरं हेच करत असतील तर त्यांच्या घरी सांग. कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, आणि त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

जमत असेल तर डर्ट रायडिंगने, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर, सुरुवात कर. तिथे पुढचं चाक उचलायला खरंच कारण असतं, ओंडका किंवा दगड ओलांडायचा असतो. माती थोडी माफ करते आणि शिकवणारा समोर उभा असतो. कर्नाटकात कोलारजवळ सी. एस. संतोष यांचं बिग रॉक डर्टपार्क आहे. डकार रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय, २०१५ साली. तिथपर्यंत जाणं परवडत नसेल तर कुणाच्या मालकीचं मोकळं, कुंपण असलेलं आवार शोध आणि मालकाला विचारून घे.

तुझ्या पल्सरला मागे ड्रम आहे की डिस्क ते खाली लिही. ड्रम असेल तर रॉडवरच्या नटाने पेडलचा प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) किती ठेवायचा ते सांगतो. तो बसवल्याशिवाय चाक उचलू नकोस.