‘अयाया’ म्हणजे काय?

“मॅडम, मुलगा स्ट्रीम बघताना एकच शब्द सारखा टाकत बसतो. काहीतरी सांकेतिक असणार.” समुपदेशक म्हणून ही काळजी मी इतक्या पालकांकडून ऐकली आहे, की एका घराची गोष्ट सांगावीशी वाटते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावीतला. वडिलांनी स्वतःच्या मोबाइलवर ट्विच, म्हणजे थेट व्हिडिओ प्रक्षेपणाचं (स्ट्रीमचं) संकेतस्थळ, उघडून तोच स्ट्रीम पाहिला होता. चॅटमध्ये माणसं धडाधड ‘अयाया, अयाया’ लिहीत होती, तेही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. ते मला म्हणाले, “आपल्याकडे दुखलं-खुपलं की माणूस अयाया करतो. हा रात्री अकरा वाजता कशाने कळवळतो?”

पहिल्या दोन भेटी त्या शब्दाभोवतीच गेल्या. वडील खोदून विचारत, मुलगा “काही नाही” म्हणून दाराकडे बघत बसे. तिसऱ्या भेटीला मी त्याला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं. वडिलांचा मोबाइल त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्हींवर एकच स्ट्रीम लावला. मोबाइलवर नुसती अक्षरं धावत होती. लॅपटॉपवर त्याच जागी सोनेरी केसांची एक हसरी मुलगी.

“ही कोण?” वडिलांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

मग मुलगा बोलायला लागला, आणि थांबेचना. ती कॅरेन कुजो. युई हारा यांच्या ‘किन-इरो मोझॅक’ या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) २०१३ साली अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, आलं, त्यातली अर्धी ब्रिटिश, अर्धी जपानी शाळकरी मुलगी. ‘अयाया’ हा तिचा लाडिक उद्गार. ब्राउझरमध्ये फ्रँकरफेसझी किंवा बेटर टीटीव्हीसारखं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, असेल तर तिचं चित्र दिसतं, नाहीतर फक्त अक्षरं. “आणि बाबा, कॅपिटल म्हणजे ओरडणं नाही रे. तसं लिहिलं नाही तर चित्रच उमटत नाही. काही गोड दिसलं, अ‍ॅनिमेतलं काही आलं, की सगळे मिळून टाकतात.”

इतका वेळ गप्प असलेली आई एकदम म्हणाली, “म्हणजे आपलं ‘अय्या’च की! अय्या, किती गोड!”

मुलगा मनापासून हसला. वडीलही. हे साम्य माझ्या मनात पहिल्याच भेटीत आलं होतं, पण मी ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं. घरच्या माणसाला सापडलेला दुवा घरात टिकतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, आणि त्या दिवशी थांबल्याचं समाधान अजून वाटतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. वडिलांची झोप उडवली ती त्या पाच अक्षरांनी नव्हे, त्यांनी त्या अक्षरांना दिलेल्या अर्थाने. आणि तो अर्थ त्यांनी एकट्याने, रात्री, मुलाला न विचारता लावला होता.

म्हणून पालकांना माझं सांगणं असं: शब्द अडला तर “हे काय चाललंय?” असं दरडावून नको, “मला दाखवशील?” असं विचारा. तेही तो निवांत असताना. एकच इमोट (चॅटमधलं असं छोटं चित्र) पन्नासदा टाकणं म्हणजे व्यसन नव्हे; मैदानावर सगळे मिळून ओरडतात, तसंच ते. मात्र हेच चित्र कुणाला ‘अ‍ॅनिमेवेडा’ म्हणून चिडवायलाही वापरलं जातं. आपलं मूल चिडवणाऱ्यांत आहे की चिडवलं जाणाऱ्यांत, हे जरूर विचारा. काळजी करायची ती झोप तुटत असेल, जेवणं चुकत असतील, न सांगता पैसे जात असतील किंवा कुणी अनोळखी माणूस खासगीत बोलायला बोलावत असेल तर. या घरात झोपेचा प्रश्न खरा निघाला. साडेदहाची वेळ मुलानेच सुचवली.

शेवटच्या भेटीत वडील सांगत होते, शनिवारी दोघांनी शेजारी बसून स्ट्रीम पाहिला. मांजराचं पिल्लू स्ट्रीमरच्या कीबोर्डवर चढलं तेव्हा ते म्हणाले, “आता येणार बघ अयाया.” आणि चॅट त्या मुलीने भरून गेला.