स्टे का मिळत नाही?

प्रश्न : भाऊ, चोपड्याकडे आमची केळी घडावर आलीये अन् कालव्यासाठी जमीन चालली, वकील म्हणतो दिवाणी कोर्टात स्टे मिळणारच नाही. असं कसं?

उत्तर : वकील बरोबर बोलतोय. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या कलम ६३ नं दिवाणी कोर्टाचे हातच बांधलेत, पण राज्यघटनेच्या कलम २२६ नं हायकोर्टाला दिलेला अधिकार संसदही काढून घेऊ शकत नाही, सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार केसमध्ये तेच सांगितलं, म्हणजे तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ गाठावं लागेल. तिथं नुसतं 'केळी उभी आहे' चालत नाही बरं, नोटीस-सुनावणीत काय चुकलं ते दाखवा. फक्त मोबदला कमी वाटत असेल तर त्याच भूसंपादन कायद्याच्या कलम ६४ चा अर्ज कलेक्टरकडे, अन् मुदत बघा, तिथंच लोक मार खातात.