बर्फावर एका पायावर ग्लाइड करताना (म्हणजे नुसतं सरकत जाताना) डावा स्केट सारखा आत कलतो, ब्लेड सरकवून फरक पडेल का?

पडू शकतो, पण लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. तुम्ही म्हणताय दोन पायांवर ठीक असतं, उजव्यावरही सरळ जाता, फक्त डाव्या पायावर एकटं उभं राहिलं की लगेच आतल्या एजवर (ब्लेडच्या तळाला दोन धारा असतात, त्यातल्या आतल्या धारेवर) कलता आणि कोच म्हणतात घोटा सरळ ठेवा. घोटा सतत जोर लावून धरावा लागत असेल तर नुसता ताकदीचा प्रश्न नसतो हे बरोबर, पण दोष ब्लेडच्या जागेचाच आहे का ते आधी बघायला हवं.

सगळ्यात आधी शार्पनिंग. बूट उलटा धरा, ब्लेडवर एक नाणं आडवं ठेवा म्हणजे ते दोन्ही एजवर टेकेल, आणि ब्लेडच्या लांबीच्या रेषेत एक डोळा मिटून बघा. नाणं ब्लेडशी बरोबर काटकोनात दिसलं पाहिजे. ब्लेड जेमतेम 4 मिमी जाड असतं त्यामुळे एजमधला बारीक फरक नुसत्या नजरेला कळत नाही, नाणं कललेलं मात्र पटकन दिसतं. कललेलं दिसलं तर शार्पनिंग तिरकं झालंय, ते नीट करून घ्या, ब्लेड हलवायची गरजच नाही कदाचित. त्रास शार्पनिंग करून आणल्यावरच सुरू झाला असेल तर माझा पहिला संशय तिथेच. असंच लांबीत बघताना ब्लेड वाकलेलं नाही ना तेही कळतं.

मग बूट. घोट्याजवळ मऊ पडून घड्या पडल्यात का, लेस वरपर्यंत घट्ट बसते का, आणि अनवाणी उभं राहिल्यावर मागून कुणाला तरी बघायला सांगा की तुमची टाच मुळातच आत झुकते का. झुकत असेल तर आतल्या सोलला आधार देऊन बरंच काम होतं.

हे सगळं ठीक निघालं तरच ब्लेड. साधारणपणे ब्लेड मागे टाचेच्या मध्यावर आणि पुढे अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधोमध येईल असं बसवतात. आता लोक हमखास इथे उलटं करतात, आत पडतोय ना मग ब्लेड बाहेर ढकलू. नाही! ज्या बाजूला पडताय त्याच बाजूला ब्लेड न्यायचं, कारण तुमचं वजन ब्लेडच्या आतल्या बाजूला पडतंय, तर ब्लेडच त्या वजनाखाली आणायचं. म्हणजे तुमच्या केसमध्ये आत.

प्लेटवर, म्हणजे ब्लेडचा जो सपाट भाग सोलला स्क्रूने बसवतात त्यावर, काही भोकं लांबट असतात आणि काही गोल. लांबट भोकांतले स्क्रू नुसते सैल करायचे, काढायचे नाहीत. गोल भोकांत पण स्क्रू घातलेले असतील तर ते आधी काढावे लागतील आणि सोलमधली जुनी भोकं बुजवावी लागतील, ते काम मी तरी जाणकार माणसाकडूनच करून घेईन. प्लेटच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा, नाहीतर मूळ जागा कुठे होती ते नंतर सांगता येत नाही. मग 1 मिमी, फार तर 2, एवढंच सरकवा, पुढे आणि मागे सारखंच. फक्त एकच टोक सरकवलं तर ब्लेड पावलाच्या रेषेतून वळतं आणि मग पाऊल एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असा प्रकार होतो. स्क्रू घट्ट करून मगच बर्फावर.

चेक करायला स्वच्छ बर्फावर गुडघा थोडा वाकवून, समोर बघत एका पायावर ग्लाइड घ्या आणि मागे वळून खूण बघा. दोन बारीक समांतर रेघा म्हणजे तुम्ही दोन्ही एजवर सरळ गेलात, एकच रेघ म्हणजे एजवर गेलात आणि ती जिथे दोनाची एक होते तिथेच तोल जातोय. पहिल्या राउंडवरून ठरवू नका बरं का, शरीराला जुन्या तिरकेपणाची सवय झालेली असते त्यामुळे बरोबर जागा पण आधी विचित्र वाटते. काही सेशन्स तसंच करा आणि जमतंय असं वाटलं की मगच गोल भोकांत कायमचे स्क्रू.

उजव्या स्केटला हात लावू नका, तो नीट चाललाय. आणि स्वस्तातल्या काही स्केट्सचं ब्लेड रिव्हेट मारून बसवलेलं असतं, तुमचं तसं असेल तर सरकवायचा विषयच संपला. लांबट भोकाच्या टोकापर्यंत सरकवूनही आतच पडत असाल तर प्लेट आणि सोलच्या मध्ये आतल्या बाजूला पातळ पाचर घालतात, पण ती किती जाडीची ते बूट पायात असताना बघूनच ठरवावं लागतं.